नळीतले टाऊ आणि मेंदूतले टाऊ

टाऊ हे प्रथिन उकळले तरी बिघडत नाही, ही माझी त्याच्याशी झालेली पहिली ओळख. २००३ साली मी पीएच.डी.साठी प्रयोगशाळेत रुजू झाले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात सरांनी जिवाणूंच्या पेशी फोडून तयार केलेला गढूळ द्रव माझ्या हातात दिला आणि तो वीस मिनिटे उकळून घ्यायला सांगितले. प्रथिने बर्फावर ठेवूनच हाताळायची, हे तोवर माझ्या अंगवळणी पडले होते, त्यामुळे मी त्यांना दोनदा विचारून खात्री करून घेतली. उकळल्यावर जिवाणूंची बहुतेक सगळी प्रथिने थिजली, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवल्यावर ती नळीच्या तळाशी बसली, आणि वर उरलेल्या नितळ द्रवात टाऊ होते तसेच राहिले. बाकीची प्रथिने उष्णतेने मोडतात, कारण त्यांना एक ठरावीक घडी असते आणि ती घडी विस्कटते. टाऊला तशी घडीच नसते. त्याचा सर्वांत लांब मानवी प्रकार म्हणजे ४४१ अमिनो आम्लांची एक सैल, क्षणोक्षणी आकार बदलणारी साखळी. जिला घडीच नाही, तिची घडी विस्कटणार तरी कशी?

हेच सैल प्रथिन अल्झायमरच्या रुग्णाच्या चेतापेशीत मात्र इतक्या शिस्तीने एकावर एक रचले जाते की त्याचे लांबच लांब, पिळदार तंतू तयार होतात. निरोगी पेशीत टाऊ सूक्ष्मनलिकांना, म्हणजे पेशीच्या आतल्या वाहतुकीच्या रुळांना, चिकटून असते. १९७५ साली ते प्रथम सापडले तेही या नलिकांच्या बांधणीला मदत करणारे प्रथिन म्हणूनच. रोगात ते नलिकांवरून सुटते, त्यावर फॉस्फेटचे गट प्रमाणाबाहेर चढतात आणि पेशीच्या आत त्याच्या गाठी होतात. या गाठी आलोइस अल्झायमर यांनी ऑगस्टे डेटर या रुग्ण स्त्रीच्या मेंदूचे काप चांदीच्या क्षारांनी रंगवून पाहिल्या आणि ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगन येथील सभेत त्यांचे वर्णन केले. १९६३ मध्ये मायकेल किड यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसले की गाठीतला तंतू म्हणजे एकमेकांभोवती पीळ घेतलेली जोडी आहे. ती जोडी टाऊची आहे, हे कळायला मात्र १९८० च्या दशकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. आकार नसलेली वस्तू इतका नेटका आकार कसा घेते, या एका प्रश्नाने मला धरून ठेवले. मी या विषयाकडे एखाद्या रुग्णाच्या आठवणीने आले नव्हते, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. रुग्ण माझ्या कामात नंतर आले.

त्या काळी या क्षेत्रात पहिला मान अमिलॉइड बीटा या दुसऱ्या एका प्रथिन-तुकड्याचा होता. १९८४ साली ग्लेनर आणि वाँग यांनी ते रुग्णांच्या मेंदूच्या रक्तवाहिन्यांतून वेगळे काढले. १९९१ मध्ये, ज्या मोठ्या प्रथिनातून ते कापले जाते त्याच्या जनुकातील दोषामुळे काही घराण्यांत कमी वयात अल्झायमर होतो, हे दिसून आले. आणि १९९२ मध्ये हार्डी व हिगिन्स यांनी मांडलेल्या गृहीतकाने रोगाची सगळी साखळी अमिलॉइडपासून सुरू केली. त्या साखळीत टाऊच्या गाठी बऱ्याच पुढे येत. दुसरीकडे, १९९१ सालीच हायको आणि एफा ब्राक या दांपत्याने दाखवले होते की गाठी मेंदूत वाटेल तशा उगवत नाहीत. स्मरणाशी निगडित हिप्पोकॅम्पसच्या लगतच्या भागापासून निघून त्या ठरावीक क्रमाने मेंदूच्या सालीत सर्वदूर पोहोचतात. स्मरणशक्तीचा ऱ्हास अमिलॉइडच्या प्लाकपेक्षा, म्हणजे पेशींबाहेर साचणाऱ्या त्याच्या पुंजक्यांपेक्षा, या गाठींशी अधिक जुळतो, हेही दिसू लागले होते. पुढे १९९८ मध्ये टाऊच्याच जनुकातील दोषांमुळे एक वेगळा स्मृतिभ्रंश होतो, असे सिद्ध झाले, आणि त्या रुग्णांत अमिलॉइडचे प्लाक असण्याची गरजच नव्हती. टाऊ एकटेही चेतापेशींचा नाश घडवू शकते, याचा तो पुरावा होता. आमच्या सरांची प्रयोगशाळा याच पुराव्याच्या बळावर उभी राहिली होती.

शुद्ध टाऊ नळीत नुसते ठेवले तर दिवसचे दिवस काही घडत नाही. त्याच्या मधल्या भागात धन प्रभार भरपूर असल्यामुळे साखळ्या एकमेकींपासून दूर राहतात. तंतू हवे असतील तर त्यांना जवळ आणणारे काहीतरी लागते, आणि १९९६ पासून ते काम हेपारिन करत आले होते. हेपारिन म्हणजे रक्त गोठू नये म्हणून दिले जाणारे औषध. ऋण प्रभाराने भरलेली ती लांब शर्करासाखळी टाऊला गोळा करते आणि काही तासांत तंतू दिसू लागतात. ही निवड मनमानी नव्हती, हे आज आवर्जून सांगावेसे वाटते. हेपारिनचे जवळचे नातलग असलेले हेपारान सल्फेट रुग्णांच्या चेतापेशींत टाऊच्या सोबत आढळले होते, आणि हेपारिनने तयार झालेले तंतू सूक्ष्मदर्शकाखाली रुग्णांच्या तंतूंसारखेच वाटत होते. या विषयावर काम करणाऱ्या बहुतेक प्रयोगशाळा हीच कृती वापरत होत्या, आणि मीही तिच्यावरच माझ्या प्रबंधाची मांडणी केली.

माझा रोजचा प्रयोग सांगायला सोपा आहे. टाऊ, हेपारिन आणि थायोफ्लाविन टी नावाचे रंगद्रव्य एकत्र करून ३७ अंश सेल्सिअसला ठेवायचे. हे रंगद्रव्य तंतूंच्या खाचांमध्ये बसले की ४४० नॅनोमीटरचा प्रकाश घेऊन ४८० नॅनोमीटरच्या आसपास उजळते, त्यामुळे उजळण्याच्या प्रमाणावरून तंतू किती झाले याचा अंदाज येतो. दर काही मिनिटांनी यंत्र नोंद घेते आणि पडद्यावर एक वक्र उमटत जातो: सुरुवातीला बराच वेळ सपाट, मग एकाएकी चढ, आणि शेवटी पुन्हा सपाट. सुरुवातीचा सपाट भाग हा माझा खरा विषय होता. त्या वेळात द्रवात काहीच दिसत नसते, पण काही मोजके रेणू एकत्र येऊन पहिले बीज तयार करत असतात, आणि बीज तयार होण्याची ही अडचणीची पायरी ओलांडली की पुढची वाढ झपाट्याने होते. ही पायरी लांबवता आली तर रोगही लांबवता येईल, असा आमचा तर्क होता.

पहिले वर्ष हे वक्र जुळवण्यातच गेले. एकाच दिवशी, एकाच नळीतून भरलेल्या, प्लेटच्या आठ खाचांमध्ये आठ वेगवेगळे वक्र येत. एका खाचेत दोन तासांत चढ, तर शेजारच्या खाचेत रात्र उलटून गेली तरी सपाट रेषा. मी पिपेट तपासून घेतले, पाणी बदलले, प्लेट बदलल्या, प्रथिन पुन्हा नव्याने शुद्ध केले. प्रथिने वजनानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर टाऊची पट्टी स्वच्छ दिसत होती. (ती नेहमीच तिच्या खऱ्या वजनापेक्षा वर दिसते, सुमारे ४६ किलोडाल्टनचे प्रथिन ६० च्या वर थांबते, आणि नव्या विद्यार्थ्याला आपण भलतेच प्रथिन काढले असे वाटते. मलाही वाटले होते.) अखेर दोष सापडला तो दोन सिस्टीनांत, म्हणजे साखळीतल्या दोन अमिनो आम्लांत. टाऊच्या या प्रकारात २९१ आणि ३२२ या जागी सिस्टीन असते, आणि हवेतल्या ऑक्सिजनमुळे ती एकाच साखळीत एकमेकांना जोडली गेली की साखळीला आतून गाठ बसते आणि तिचे तंतू नीट होत नाहीत. हे टाळण्यासाठी बफरमध्ये जे द्रव्य घालायचे, ते मी महिनाभर आधी विरघळवून ठेवलेल्या बाटलीतून घेत होते, आणि त्याचा असर केव्हाच संपला होता. ते दर वेळी ताजे करायला लागल्यापासून आठही वक्र एकमेकांवर बसू लागले. वहीत त्या दिवशीच्या पानावर मी तारखेखाली दोन रेघा ओढल्या आहेत.

२००८ मध्ये प्रबंधाची तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सगळी आकडेमोड शांतपणे ऐकून घेतली आणि शेवटी विचारले, "हे तंतू रुग्णाच्या मेंदूतल्या तंतूंसारखेच आहेत, असे आपण कशाच्या आधारे म्हणता?" मी म्हणाले, "सूक्ष्मदर्शकाखाली ते सारखे दिसतात, आणि थायोफ्लाविन दोघांनाही चिकटते." त्यांनी मान डोलावली, वहीत काही लिहिले आणि पुढचा प्रश्न विचारला. त्या काळात याहून चांगले उत्तर कोणाकडेच नव्हते, तरी आपण प्रश्नाला स्पर्श न करता बाजूने निघून गेलो, एवढे मला त्याच क्षणी जाणवले होते.

पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, बासेल आणि केंब्रिज येथील संशोधकांचा एक निबंध आला. सदोष मानवी टाऊ असलेल्या उंदराच्या मेंदूचा अर्क त्यांनी, मानवी टाऊचा साधा प्रकार असलेल्या उंदरांच्या मेंदूत सोडला होता, आणि तेथे टाऊच्या गाठी तयार होऊन सोडलेल्या जागेपासून पुढे पसरल्या होत्या. याचा अर्थ, तंतू स्वतःच साचा होऊन नव्या टाऊला आपल्यासारखा आकार देतो. ब्राक दांपत्याने वर्णन केलेल्या पसरण्याला त्यातून एक संभाव्य यंत्रणा मिळाली. तेव्हा मी पोस्टडॉक म्हणून दुसऱ्या प्रयोगशाळेत गेले होते, आणि तेथे ठरले की बीज म्हणून वापरायचे टाऊ आता रुग्णांच्याच मेंदूतून काढायचे.

संशोधनासाठी दिलेले मेंदू जपणाऱ्या ब्रेन बँकेतून आलेले पहिले पाकीट मी कोरड्या बर्फातून बाहेर काढले तो दिवस मला तपशीलवार आठवतो. मृत्यूनंतर मेंदू काढला की सामान्यतः त्याचा एक अर्धा भाग फॉर्मॅलिनमध्ये निदानासाठी ठेवतात आणि दुसऱ्याचे तुकडे करून उणे ८० अंशांना गोठवतात. माझ्या वाट्याला कपाळामागच्या भागाचा, जेमतेम काही ग्रॅम वजनाचा तुकडा आला होता. सोबतच्या कागदावर नाव नव्हते. वय, लिंग, मृत्यू आणि गोठवणे यांतील तास, ब्राक यांच्या मोजपट्टीवरील टप्पा सहावा, म्हणजे शेवटचा, आणि व्यवसायाच्या रकान्यात एकच शब्द: शिक्षिका. तोवर पाच वर्षे मी टाऊ लिटरच्या हिशेबाने जिवाणूंकडून तयार करून घेत होते. कमी पडले तर पुन्हा करायचे. या तुकड्याला पुन्हा नव्हते. आवरणाचे पातळ पापुद्रे सोडवून, करडा भाग तेवढा वेगळा करून मी तो बफरमध्ये कुटला, त्यात सार्कोसिल नावाचे साबणासारखे द्रव्य घातले आणि अतिवेगवान सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवला. मेंदूतील बहुतेक प्रथिने सार्कोसिलमध्ये विरघळून वर राहतात आणि रोगाचे तंतू न विरघळता तळाशी बसतात. तळाशी जे बसले ते नखाच्या कोरीएवढे होते. त्यातला एक थेंब जाळीवर घेऊन युरेनियमच्या क्षाराने रंगवला आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात ठेवला, तेव्हा किड यांनी वर्णन केलेली जोडी मला पहिल्यांदा प्रत्यक्ष दिसली; साधारण दर ८० नॅनोमीटरवर अरुंद होणारी आणि पुन्हा रुंदावणारी, जिकडे पाहावे तिकडे त्याच लयीत.

माझ्या हेपारिनच्या तंतूंना ही लय नव्हती. काही सरळ होते, काही वळणदार, काहींचा पीळ अनियमित होता. मी ते पाहिले, वहीत नोंदवलेही, आणि जिवाणूंच्या टाऊवर फॉस्फेट नसते, त्यामुळे एवढा फरक राहणारच, असे स्पष्टीकरण जोडून पुढे गेले. हे स्पष्टीकरण मी तपासले नाही. माझ्या कारकिर्दीत मला सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट कोणती, असे विद्यार्थी विचारतात, तेव्हा मी त्यांना ते पान काढून दाखवते.

२०१३ मध्ये मला स्वतःची प्रयोगशाळा मिळाली. संशोधन-निधीसाठीचा पहिला अर्ज फेटाळला गेला, दुसराही. तिसऱ्या अर्जात आमच्याकडे एक लहान सेंद्रिय रेणू होता, जो हेपारिनच्या प्रयोगातला सपाट भाग चांगलाच लांबवत होता. रंगीत रेणू थायोफ्लाविनचा प्रकाश स्वतःच शोषून घेतात आणि तंतू कमी झाल्याचा भास निर्माण करतात, हे ठाऊक असल्यामुळे आम्ही तंतू सेंट्रिफ्यूजने खाली बसवून, जेलवर मोजून, वेगळ्या मार्गानेही खात्री केली होती. काम प्रामाणिक होते आणि निबंधही चांगल्या नियतकालिकात छापून आला. त्याच्या शेवटच्या परिच्छेदात मी लिहिले की हा रेणू अल्झायमरमधील टाऊच्या तंतूंची निर्मिती रोखणाऱ्या औषधाचा आरंभबिंदू ठरू शकेल. त्या वाक्यातल्या 'अल्झायमरमधील' या शब्दाला माझ्याजवळ आधार नव्हता.

तो कसा नव्हता, हे २०१७ मध्ये कळले. केंब्रिजच्या मिशेल गोएडर्ट आणि स्योर्स शेरेस यांच्या गटांनी एका रुग्णाच्या मेंदूतील टाऊच्या तंतूंची रचना, गोठवलेले नमुने पाहणाऱ्या क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने जवळपास अणूंच्या पातळीपर्यंत उलगडली. तंतूच्या गाभ्यात ३०६ ते ३७८ या क्रमांकांच्या अमिनो आम्लांचा भाग इंग्रजी सी अक्षरासारखा वळलेला होता, तसे दोन सी एकमेकांना पाठ लावून बसले होते, आणि दर ०.४७ नॅनोमीटरवर पुढचा थर रचला जात होता. साखळीचा उरलेला भाग दोन्ही बाजूंनी मोकळा लोंबत होता. पुढच्या वर्षी त्यांनी अनेक रुग्णांचे मेंदू तपासून दाखवले की अल्झायमरमध्ये, तो आनुवंशिक असो वा नसो, हीच घडी आढळते. आणि पिक रोगात, म्हणजे टाऊच्याच गाठींच्या दुसऱ्या एका स्मृतिभ्रंशात, हेच टाऊ पूर्ण वेगळी घडी घेते. म्हणजे घडी हीच रोगाची ओळख होती. मी तो निबंध त्या आठवड्यात किती वेळा वाचला याची गणती नाही. चौदा वर्षांपूर्वी ज्या प्रश्नासाठी मी आले, त्याचे उत्तर समोर छापलेले होते, आणि माझा पहिला भाव निखळ आनंदाचा होता.

दुसरा निबंध २०१९ मध्ये त्याच गटांकडून आला. या वेळी त्यांनी हेपारिनने तयार केलेले तंतू उलगडले होते. १९९६ मध्ये हेपारिनची कृती प्रसिद्ध करणाऱ्यांत गोएडर्ट स्वतः होते, आणि त्याच कृतीची तपासणीही त्यांनीच केली, याबद्दल मला त्यांच्याविषयी फार आदर वाटतो. हेपारिनचे तंतू एकाच नमुन्यात अनेक प्रकारचे निघाले, आणि त्यातला कोणताही प्रकार अल्झायमरच्या किंवा पिक रोगाच्या घडीशी जुळत नव्हता. मी वापरत असलेल्या टाऊच्या प्रकारात गाभा २७२ ते ३३० असा होता. ज्या भागाने अल्झायमरमधला सी पूर्ण होतो, त्यातला बराचसा भाग येथे गाभ्याच्या बाहेर पडला होता. आमचा रेणू ज्या खाचेत बसतो असे आम्ही मानत होतो, ती खाच रुग्णाच्या तंतूत नव्हतीच.

प्रयोगशाळेच्या साप्ताहिक बैठकीत मी तो निबंध स्वतः मांडला. त्या वेळी दोन विद्यार्थ्यांचे प्रबंध हेपारिनच्या तंतूंवरच चालू होते. मांडणी संपल्यावर त्यांतली थोरली विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, मग माझ्या तीन वर्षांच्या कामाचे काय करायचे?" मी तिला लगेच उत्तर दिले नाही, कारण धीर देणारे जे शब्द तोंडात येत होते ते खरे नव्हते. दोन दिवसांनी आम्ही तिघे तिच्या वह्या घेऊन बसलो आणि एकेक निष्कर्ष तपासला. बीज कसे तयार होते, तापमान आणि क्षार बदलल्यावर वेग कसा बदलतो, सिस्टीनांचे काय होते, हे सर्व हेपारिनच्या तंतूंविषयी म्हणून खरे होते आणि तसेच राहणार होते. रोगाविषयीची वाक्ये मात्र गाळावी लागली. तिच्या प्रबंधाची सुमारे चाळीस पाने कमी झाली, शीर्षक बदलले आणि तिला एक वर्ष जास्त लागले. माझ्या जुन्या निबंधाचा निष्कर्ष हेपारिनच्या तंतूंपुरताच मर्यादित समजावा, असे पत्र मी नियतकालिकाला पाठवले. आकडे बरोबर असल्याने दुरुस्तीची गरज नाही, असे संपादकांचे म्हणणे पडले. तीन वेळा पत्रव्यवहार केल्यावर त्यांनी अर्ध्या पानाचे टिपण छापले. त्या रेणूवर पुढचे काम करू पाहणाऱ्या कोणाच्या तरी ते नजरेला पडावे, एवढीच माझी इच्छा होती.

पुढचा प्रश्न असा होता की रुग्णाच्या घडीचे तंतू नळीत तयार तरी कसे करायचे. ब्रेन बँकेतून येणारे काही ग्रॅम रेणूंच्या चाचण्यांना पुरणारे नसतात, आणि कोणाच्या तरी मेंदूचा तो भाग अशा चाचण्यांत भराभर संपवणे मला पटत नव्हते. उत्तर २०२२ मध्ये आले, तेही केंब्रिजहून. संपूर्ण टाऊ न घेता २९७ ते ३९१ एवढाच तुकडा घेतला, हेपारिन वगळले, मॅग्नेशियम क्लोराईड घातले आणि मिश्रण हलवत ठेवले, तर तयार होणाऱ्या तंतूंची घडी अल्झायमरच्या तंतूंशी तंतोतंत जुळत होती. मॅग्नेशियमच्या जागी सोडियमचा क्षार वापरला, की डोक्याला वारंवार मार बसणाऱ्यांना होणाऱ्या मेंदूविकारातली घडी मिळत होती. क्षार बदलला की रोगाची घडी बदलते, हे वाचून मी बराच वेळ स्तब्ध बसून होते. घडी नसलेल्या साखळीसमोर किती वाटा खुल्या असतात आणि किती थोडक्या कारणाने ती त्यातली एक पकडते, हे मला इतक्या स्पष्टपणे कधीच दिसले नव्हते.

ती कृती आमच्या हाती बसायला आठ महिने लागले. हलवण्याचा वेग, नळीचे प्लास्टिक, प्रथिनाची संहती, यांतले काहीही थोडे चुकले की वेगळेच तंतू मिळत, आणि थायोफ्लाविन मात्र दोन्हींना सारखेच उजळवत असे. आता आम्ही वक्रावर विश्वास टाकत नव्हतो. प्रत्येक खेपेचा नमुना गोठवून, हजारो तंतूंच्या प्रतिमा घेऊन, त्यांची सरासरी काढून घडी पाहिल्याशिवाय पुढे जायचे नाही, असा नियम केला. हे काम वेळखाऊ आहे, आणि सूक्ष्मदर्शकावर पाळी मिळायला आठवडे लागतात. नवे तंतू खात्रीने हाती आल्यावर पहिली चाचणी आमच्या जुन्या रेणूचीच केली. त्याचा काहीही परिणाम झाला नाही. चार वेळा करूनही झाला नाही. तो निकाल आम्ही लिहिला. दोन नियतकालिकांनी नकारात्मक निकाल म्हणून परत पाठवला आणि तिसऱ्याने छापला.

रुग्णांच्या नातेवाइकांसमोर बोलण्याचे प्रसंग या सगळ्या वर्षांत येत राहिले. पहिला प्रश्न औषधाचाच असतो. अमिलॉइड काढून टाकणाऱ्या लेकानेमॅब या प्रतिपिंडाची १,७९५ जणांवरील १८ महिन्यांची चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा मी त्यांना आकडे जसेच्या तसे सांगितले: रोगाची सुरुवात असलेल्या रुग्णांत ऱ्हासाचा वेग २७ टक्क्यांनी कमी झाला, १८ गुणांच्या मोजपट्टीवर हा फरक ०.४५ एवढा आहे. औषध घेणाऱ्या सुमारे १२.६ टक्के जणांत मेंदूच्या स्कॅनवर सूज दिसली. हा परिणाम लहान आहे, पण इतक्या अपयशांनंतर मिळालेला तो खरा परिणाम आहे आणि अमिलॉइडला रोगात स्थान आहे, याचा तो माणसांतला पुरावा आहे, असे माझे मत आहे. टाऊच्या बाबतीत सांगण्यासारखे अजून कमी आहे. गोसुरानेमॅब आणि टिलावोनेमॅब या प्रतिपिंडांच्या चाचण्या २०२१ मध्ये निष्फळ ठरल्या. ही प्रतिपिंडे टाऊच्या सुरुवातीच्या टोकाला चिकटतात, आणि ते टोक तंतूच्या गाभ्याबाहेर मोकळे लोंबणारे आहे. एवढे एकच कारण असेल असे मी म्हणणार नाही, परंतु घडी माहीत नसताना निशाणा धरणे किती अवघड असते, ते मी स्वतः पाहिले आहे. एका सभेनंतर एक वयस्कर गृहस्थ थांबले होते. त्यांच्या पत्नीचा मेंदू त्यांनी संशोधनासाठी दिला होता. "त्याचा उपयोग झाला का?" असे त्यांनी विचारले. त्यांच्या पत्नीचा नमुना कोणत्या प्रयोगशाळेत गेला हे मला कळण्याचा मार्ग नव्हता. मी त्यांना २०१७ च्या निबंधातले चित्र दाखवले आणि सांगितले की हे चित्र ज्या मेंदूतून मिळाले, तोही असाच कोणीतरी दिलेला होता, आणि त्यामुळे माझे अनेक वर्षांचे चुकीचे वाक्य दुरुस्त झाले. त्यांनी चित्र हातात घेऊन बराच वेळ पाहिले आणि कोणता भाग टाऊचा, असे विचारले.

सध्या आमचे काम त्याच चित्रातल्या एका डागावर चालू आहे. तंतूच्या नकाशात टाऊची साखळी स्पष्ट दिसते, पण ३१७ आणि ३२१ या जागच्या लायसिन या अमिनो आम्लांच्या बाहेरच्या अंगाला आणखी काहीतरी असल्याच्या खुणा आहेत, आणि ते टाऊचा भाग म्हणून बसत नाही. लायसिनवर धन प्रभार असतो, तेव्हा तेथे ऋण प्रभाराचे काहीतरी धरून ठेवलेले असावे, एवढाच तर्क करता येतो. नळीत आम्ही भरपूर मॅग्नेशियमचा क्षार घालून जी घडी मिळवतो, ती चेतापेशीत एवढा क्षार नसताना मिळते. तिथे ती मिळवून देणारे दुसरे कोणी असले पाहिजे. ते फॉस्फेट चढलेल्या टाऊचेच मोकळे टोक असेल, एखादा आरएनएचा तुकडा असेल, किंवा हेपारान सल्फेटसारखी शर्करासाखळीही असेल. आम्ही एकेक घेऊन पाहत आहोत, वक्र बाजूला ठेवून, प्रत्येक वेळी घडी तपासून. मार्चमध्ये ब्रेन बँकेतून नवा नमुना आला. कागदावर वय, लिंग, तास आणि टप्पा आहे. व्यवसायाचा रकाना या वेळी रिकामा आहे. विद्यार्थ्याने त्यातला अर्धाच तुकडा वापरायला काढला आणि उरलेला पुन्हा उणे ८० अंशांना ठेवला.